भागी दारी

सुकदेव बैसाणे या माणसाला आयुष्यात दोन गोष्टी मनापासून जमल्या. एक, कोरडवाहू कपाशी कशी जगवायची ते समजून घेणं. आणि दुसरी, हिलाल देवरेवर जळणं. पहिलीसाठी त्याला पदवी मिळाली. दुसरीसाठी द्यायची ठरवली असती तर डॉक्टरेटच द्यावी लागली असती, असं मी त्याच्या तोंडावर म्हणतो. तो "नाना, तुमची जीभ एकदा गहाण ठेवा कुठेतरी" म्हणून चिडतो, आणि तरी संध्याकाळचा चहा प्यायला माझ्याच दुकानात येतो. माझं दुकान वह्या-पेनांचं, पण जळगावात कोणाला विचारा, इथला खरा माल वेगळा. हिलालही इथेच येतो. दोघं एका वेळी मात्र सहसा येत नाहीत. एक उठला की दुसरा येतो आणि पहिल्यानं काय सांगितलं ते काढून घेतो. मी सांगतो. थोडं मीठ लावून सांगतो. माझा नाइलाज आहे.

दोघं शिंदखेडा तालुक्यातले. गावं इतकी जवळ की एका गावातल्या लग्नाची वाजंत्री दुसऱ्या गावात ऐकू यावी. धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहात एकच खोली. सुकदेव पहिल्या वर्गात पास, हिलाल दोनदा नापास. तरी खानावळीतली बाई हिलालच्या ताटात न मागता पोळी टाकायची आणि सुकदेवनं मागितली की "आणते हं" म्हणून आत जायची ती तिकडेच रमायची. सुकदेव ही गोष्ट आजही सांगतो. पोळी अजून आलेली नाही, अशा सुरात सांगतो.

सुट्टीत हिलाल त्याला आपल्या घरी न्यायचा. हिलाल मोटारसायकलच्या वेगानं थेट चुलीपर्यंत जायचा, आणि सुकदेवला ओट्यावर बसवलं जायचं. का, ते त्या काळी कोणी सांगायची गरज नव्हती. सुकदेवची आळी गावाच्या कुठल्या अंगाला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. चहा यायचा, चांगला यायचा, पण यायचा तो ओट्यावर. हिलाल आतून तोंड पुसत बाहेर यायचा आणि विचारायचा, "झाला का चहा?" तो विचारायचा मैत्रीनंच. पण जळणाऱ्या माणसाला मैत्रीचा प्रश्न जास्त झोंबतो.

पुढे हिलाल एका बियाणांच्या कंपनीत लागला. पहिल्या वर्षी मोटारसायकल घेतली, दुसऱ्या वर्षी तिला लाल सीट बसवलं. सुकदेव धरणगावला एका शाळेत बदली शिक्षक म्हणून दिवस काढत होता. तो पायी शाळेत जात असताना ते लाल सीट शेजारून जायचं, थांबायचं, आणि हिलाल म्हणायचा, "बस ना भो, सोडतो." सुकदेव म्हणायचा, "डॉक्टरनं चालायला सांगितलंय." कुठला डॉक्टर आणि कसलं काय!

मग त्र्याण्णव साली सुकदेवचं नशीब उघडलं. आमच्या भागातल्या विद्यापीठानं कोरडवाहू शेतीचं एक संशोधन केंद्र काढलं. कोणतं केंद्र ते मी सांगत नाही. नाव घेतलं की कोणीतरी खुलासा मागायला येतं. केंद्राच्या प्रमुख होत्या गर्गेबाई, डॉक्टर, मूळच्या नागपूरकडच्या, सडपातळ, आणि समोरच्याला बोलू देऊन मग एकच प्रश्न विचारणाऱ्या. त्यांचं म्हणणं होतं की संशोधन कुंपणाच्या आत राहिलं तर ते कुंपणच राखत बसतं. गावांना सोबत घ्यायचं. शेतकऱ्याच्या वावरात, निम्म्या भागात त्याची पद्धत आणि निम्म्या भागात केंद्राची, शेजारी शेजारी. दोघांनी मिळून बघायचं कपाशी कशी वाढते. त्यासाठी गावं जोडणारा माणूस हवा. तो माणूस सुकदेव.

पद मोठं होतं. 'लोकसहभाग व भागीदारी विकास समन्वयक'. लताबाईंनी, म्हणजे सुकदेवच्या बायकोनं, ते पाठ करून चाळीसगावला माहेरी जाऊन म्हणून दाखवलं. माहेरच्यांनी विचारलं, "म्हणजे काय?" लताबाई म्हणाल्या, "म्हणजे साहेब." पण साहेब दोन वर्षांपुरते होते. दोन वर्षांनी दिल्लीहून समिती येणार, गावात जाऊन शेतकऱ्यांना तोंडावर विचारणार, "तुम्ही केंद्राबरोबर आहात का?" शेतकरी हो म्हणाले तर पद कायम. नाही म्हणाले, किंवा नुसतं डोकं खाजवलं, तर सुकदेव पुन्हा बदली शिक्षक. हे लताबाईंनी माहेरी सांगितलं नव्हतं.

दारावर पाटी लावायची ठरली. आमचा छगन पेंटर आला. छगनचं अक्षर सुंदर, पण अंदाज कच्चा. एका भिंतीवर 'धूम्रपान करू' आणि 'नये' पुढच्या भिंतीवर लिहिणारा हाच. त्यानं सुरुवात थाटात केली आणि पाटीचा काठ मध्येच आला. तेव्हा झालं असं: वरच्या ओळीत 'लोकसहभाग व भागी' आणि खालच्या ओळीत 'दारी विकास समन्वयक'. खाली ठसठशीत 'सुकदेव बैसाणे'.

सुकदेव म्हणाला, "अरे, शब्द तुटला."

छगन म्हणाला, "साहेब, वाचणारा जोडून वाचतो."

इथेच घोटाळा झाला. जोडून वाचणारे कार्यालयात येतात, तोडून वाचणारे गावात राहतात.

आता गावात काय चाललं होतं ते ऐका. सुकदेवनं पहिलं गाव निवडलं धरणगावकडचं करंजखेडे. कपाशीचं गाव, जमीन मध्यम, विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवणाऱ्या. केंद्राला हवं होतं तसंच. गावात शब्द चालायचा आधारआबांचा. आबा सत्तरीचे, पांढरं धोतर, आणि बोलण्याआधी तंबाखू मळायची सवय. त्यांनी एकदा मान हलवली की बाकीची वावरं आपोआप हलायची.

सुकदेव केंद्राच्या जीपमधून उतरला. आबांनी उठून स्वागत केलं, ओट्यावर खुर्ची टाकली. पुन्हा ओटा! सुकदेव बसला, वर बघतो तर भिंतीवर हिलालच्या कंपनीचं कॅलेंडर. खालच्या कोपऱ्यात गोल चौकटीत हिलालचा फोटो, हसरा. समोरून दोन जण आले, डोक्यावर हिलालच्या कंपनीच्या टोप्या. बैलाच्या पाठीवर ऊन लागू नये म्हणून टाकलेलं फडकं, तेही कंपनीचंच. सुकदेवनं मला नंतर सांगितलं, "नाना, म्हशीच्या अंगावर तेवढं नाव लिहायचं बाकी होतं."

आबांनी तंबाखू मळली आणि विचारलं, "तुम्ही हिलालभाऊना दोस्त शेतस ना?"

झालं! माणसाला किती ठिकाणी जाळावं? शेजारच्या गावात गेला, तिथेही तेच. "हिलालभाऊंचे मित्र आले." अमळनेरच्या बाजूला गेला, "हिलालभाऊंनी तुमचं नाव काढलं होतं." विद्यापीठाची जीप, डोळ्यांवर चष्मा, हातात केंद्राची माहितीपत्रकं, एवढं सगळं असून याची ओळख काय, तर हिलालचा मित्र. सुकदेव गावोगाव भाषण देऊ लागला आणि जळण्यापायी त्याची भाषा दिवसेंदिवस जड होत गेली. हिलाल अहिराणीत हसवतो ना, मग मी शुद्ध बोलणार. "ग्रामस्थहो, ही समान भागीदारी आहे. निम्मं क्षेत्र तुमच्या पद्धतीचं, निम्मं आमच्या." घरी आईशी अस्सल अहिराणीत बोलणारा हा माणूस गावात रेडिओसारखा बोलायचा.

आणि एक दिवस आधारआबा मातीचा नमुना घेऊन जळगावला केंद्रात आले. सुकदेव जागेवर नव्हता. आबा दारासमोर उभे राहिले. त्यांचं वाचन सावकाश, एकेक ओळ पूर्ण करून पुढे जाणारं. त्यांनी पहिली ओळ वाचली, थांबले. 'भागी.' दुसरी ओळ वाचली. 'दारी.' मातीची पुडी परत पिशवीत टाकली आणि पहिल्या गाडीनं करंजखेडे गाठलं.

आमच्याकडे वावर भागीनं देणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. भागी म्हणजे निम्म्या पिकाचा धनी. आणि पाटीवर तर सरळ लिहिलंय, भागी दारी! आबांनी गावात सांगितलं, "भागी दारी उना शे. निम्मं निम्मं करस, ते काय उगाच? विद्यापीठ निम्मं पीक ली जाई." दुसऱ्या दिवशी बठ्ठं म्हणजे अख्खं गाव हेच बोलत होतं. तिसऱ्या दिवशी शेजारची गावं. सुकदेव जीप घेऊन निघाला की बायका पोरांना म्हणायच्या, "भागी आला रे." पोरं जीपमागे पळायची ती गंमत म्हणून, आणि मोठी माणसं आत जायची ती खरंच.

सुकदेवला कारण कळेना. पण त्याला उत्तर तयार सापडलं. ते उत्तर वीस वर्षांपासून तयार होतं. "हिलालनं पसरवलं."

तो तडक माझ्या दुकानात आला. योगायोग असा की हिलाल आत बसून भजी खात होता. मी काही कोणाला सावध केलं नाही. असा प्रसंग तिकीट काढून बघायला मिळत नाही.

"तू सांगितलंस ना, विद्यापीठ निम्मं पीक नेणार?" सुकदेव दारातूनच.

"मी कशाला सांगू? बस, भजी खा."

"तुला माझी जीप खुपते!"

"जीप?" हिलाल हसला. "सुक्या, ती जीप करंजखेड्याच्या चढावर ढकलावी लागते. मागच्या आठवड्यात मीच ढकलली. तू आत बसून होतास, बघितलंसुद्धा नाहीस."

हे खरं होतं. सुकदेवला तेव्हा वाटलं होतं की गावकरी ढकलताहेत. लोकसहभाग वाढला म्हणून तो खूश झाला होता.

हिलालनं बोटं पुसली आणि म्हणाला, "चल, तुझी पाटी बघू." आम्ही तिघं केंद्राच्या दारासमोर जाऊन उभे राहिलो. हिलालनं आबांच्या सुरात, तंबाखू मळल्याचा अभिनय करत वाचलं, "भागी... दारी." मी इतका हसलो की भिंतीला टेकावं लागलं. सुकदेव हसला नाही. त्याला चूक सापडल्याचं दुःख नव्हतं. चूक हिलालला सापडली याचं होतं.

"मी आबांना समजावून सांगतो," हिलाल म्हणाला. "माझ्या एका शब्दाचं काम आहे."

"नको," सुकदेव म्हणाला.

घरी लताबाईंनी डोकं धरलं. "एक शब्द टाकू द्या त्यांना. समिती मार्गशीर्षात येतेय. पद गेलं तर काय सांगू चाळीसगावला?"

"सांग, की स्वाभिमान राखला."

"स्वाभिमानाला फोडणी देता येते का?"

पण सुकदेवचं ठरलं होतं. पद गेलं तरी चालेल, हिलालच्या शब्दानं मिळालेलं नको. जळणं या थराला गेलं की त्यातून माणसाला एक प्रकारचं तेज चढतं. त्या दिवसांत सुकदेव खरोखर रुबाबदार दिसायचा.

गर्गेबाईंनी त्याला बोलावलं. पाटी बदलू या, माहितीपत्रकं बदलू या, असं बरंच काही सुकदेव बोलला. बाईंनी बोलू दिलं. मग एकच प्रश्न विचारला.

"बैसाणे, तुम्ही गेला नाहीत तर रुसणारं कोणी आहे का त्या गावांत?"

सुकदेव विचारात पडला. हिलाल एखाद्या महिन्यात करंजखेड्याला गेला नाही तर आबा खरंच रुसायचे. "आमनी आठवण कसाले ऱ्हाई तुले" म्हणायचे. सुकदेव गेला नाही तर कोणी रुसत नव्हतं. उलट सुटकेचा श्वास टाकत होते. त्याच्यावर कोण रुसतं? लताबाई. तिचे भाऊ. म्हणजे सोयरे. सोयऱ्याशिवाय कोणी कोणावर रुसत नाही. हा विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि तिथेच राहिला, कारण त्याचं पुढे काय करायचं ते त्याला कळलं नव्हतं.

समिती यायच्या आधी शेवटची बैठक करंजखेड्यात, आबांच्या खळ्यात भरली. आबांनी बैठक होऊ दिली ती केवळ पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून. माणसं जमली, पण हाताची घडी घालून. सुकदेव उभा राहिला. "ग्रामस्थहो, भागीदारी या संज्ञेविषयी काही गैरसमज..." इथवर आला आणि रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला. लाल सीट. नवीन वर्षाची कॅलेंडरं घेऊन हिलाल!

सगळी सभा उठली. सुकदेवच्या भाषणाला एक म्हातारा आणि एक शेळी उरली. शेळीनंही मान वळवली होती. हिलाल ओशाळून म्हणाला, "बसा रे, साहेब बोलताहेत," आणि ते 'साहेब' ऐकून तर सुकदेवच्या अंगाची लाही झाली. हिलालच्या परवानगीनं आता लोक माझं ऐकणार!

त्याचा तोल गेला. शुद्ध भाषा गेली, संज्ञा गेली, आणि आईच्या भाषेत तो ओरडला, "कॅलेंडर दरसाल बदलस! मी आठे कॅलेंडर देवाले येल नई शे. मी सोयरीक कराले येल शे!"

खळ्यातल्या सगळ्या माना एकदम आबांकडे वळल्या.

शब्द सुकदेवच्या तोंडून गेला होता आणि आता सगळ्यांसमोर खळ्यात पडला होता. कोण माणूस, कुठल्या आळीतला, कुठल्या गावात, कसला शब्द बोलून बसला, हे प्रत्येकाला कळलं. सुकदेवलाही कळलं. हिलालच्या हातातली कॅलेंडरं अर्धवट उलगडलेली तशीच राहिली. हिलालनं मला सांगितलं, "नाना, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. त्याच्यासाठी." हे मी सुकदेवला लगेच कळवलं, आणि तो म्हणाला, "घाबरायचं काय त्याला? तिथंही पुढं पुढं करायचंच."

आबांनी तंबाखू काढली, चुना घेतला. मळली. पुन्हा मळली. एवढी सावकाश तंबाखू त्यांनी आयुष्यात मळली नसेल. मग म्हणाले, "सोयरीक? कोनी पोर, कोना पोऱ्या?"

सुकदेवला मागे जायला वाट नव्हती. तो म्हणाला, "पोर केंद्राची. तिचं शिकलेलं-सवरलेलं सगळं घेऊन येईल. पोऱ्या तुमचं वावर."

"मंग आम्ही वरपक्ष?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुम्ही वरपक्ष."

खळ्यात हळूच खसखस पिकली. वरपक्ष! ज्यांना आजवर बँकेच्या, बाजार समितीच्या, तहसीलच्या दारात कायम मुलीच्या बापासारखं उभं राहावं लागलं, ते एका फटक्यात वरपक्ष झाले. एक जण मिशीवर हात फिरवायला लागला. पण आबा पक्के. "आणि निम्मं पीक?"

"आबा, सोयरा कधी पीक मागस का?" सुकदेव म्हणाला. "सोयरा रुसस. मी आलो आणि तुम्ही दार लावलं, तर मी रुसेन. मी नाही आलो तर तुम्ही रुसा."

आबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, तिथून हसू फार मोकळं यायचं. "मी ते आतेच रुसेल शे," ते म्हणाले. "दोन वरीस व्हयनात, सोयऱ्यानं एक डाव जेवण नई मांगं."

जमलं. पण वरपक्ष झाल्यावर माणसं वरपक्षासारखीच वागायला लागली. समिती येणार तर सुपारी फोडायची. मुलीकडचे कोण, तर गर्गेबाई. बाईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी मुलगी अमेरिकेत आहे, तिनं मला विचारलं नाही. इथे तरी होऊ द्या."

आणि हिलाल? हिलाल गावोगाव सांगत सुटला, "सोयरीक मी जुळवली. मध्यस्थ मी. मी कॅलेंडरं घेऊन गेलो नसतो तर त्याच्या तोंडून तो शब्द निघालाच नसता." आता मला सांगा, यात खोटं काय आहे? काहीच नाही. म्हणून तर सुकदेवचा जीव जास्त जळायचा. माझ्या दुकानात बसून तो म्हणायचा, "माझ्या रागाचंसुद्धा श्रेय त्याला!"

समितीचा दिवस उजाडला. दुकान बंद करून मीही गेलो. आबांच्या खळ्यात मांडव, शेणसडा, रांगोळी. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात हिरवी वांगी भाजायला टाकलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची चवड, मिरची कुटल्याचा खकाणा. दिल्लीचे तीन पाहुणे शिंकतच आले. अध्यक्षांनी मांडव बघून गर्गेबाईंना विचारलं, "किसकी शादी है?"

"हमारे केंद्र की," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष सरळ आबांकडे वळले. हा तोच प्रश्न, ज्याच्यासाठी सुकदेवनं दोन वर्षं जीप झिजवली होती. "आप केंद्र के साथ हैं?"

आबांना हिंदी यायची. खानदेशात सगळ्यांनाच येते, आपापली. ते म्हणाले, "साथ क्या, साहेब? साथ तो रेलगाडी में होता है. हम तो ब्याही हैं!"

अध्यक्षांनी आजूबाजूला बघितलं. सगळं खळं माना डोलवत होतं. त्यांनी सोबतच्याला काहीतरी इंग्रजीत सांगितलं आणि सुकदेवच्या पाठीवर हात ठेवला. पद कायम झालं ते त्या हातानं. कागद नंतर यथावकाश आला.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी सांगायला बसलो नसतो. मानपान राहिला होता ना! आबांनी टोपी-टॉवेल हातात घेतला. आमच्याकडे लग्नात पहिली टोपी कोणाला, यावरून भावाभावांची बोलणी बंद होतात. करंजखेड्यात दरसालच्या मेळाव्यात पहिली टोपी हिलालची. कंपनीच्या टोप्या वाटणाऱ्याला गाव आपली टोपी घालायचं. आबा म्हणाले, "मानकरी पुढे या."

आणि दोघं उठले. सुकदेवही आणि हिलालही. एकमेकांकडे न बघता, नाक सरळ समोर. खळ्यात अशी शांतता की वांग्यातून फुटणारा रस ऐकू यावा.

"मी मध्यस्थ," हिलाल म्हणाला.

आबांनी मान हलवली. "मध्यस्थना मान शेच. पन पोरले कोन लई उनं?" पोरीला घेऊन आलेला म्हणून त्यांनी सुकदेवकडे बोट केलं. "हाऊ पोरना मामा. पहिला मान मामाले."

टोपी सुकदेवच्या डोक्यावर आली. जरा मोठी होती, कानांवर उतरली, पण त्यानं ती वर सारली नाही. जशी घातली तशी राहू दिली. टाळ्या वाजल्या. हिलालनंही वाजवल्या, पण मी त्याच्या शेजारीच होतो. त्याच्या तळहातांमध्ये वारा जात होता.

मग सगळे ओट्याकडे वळले. सुकदेव सवयीनं खुर्चीवर बसायला गेला. तेवढ्यात आतून आबांच्या बायकोचा, सुंदरअक्काचा आवाज आला. "मामाले ओट्टावर काब बसाडं? मामा बाहेर जेवस का? घरमा बलावा!"

सुकदेव खुर्चीच्या काठावर अर्धा बसलेला, तसाच थांबला. वसतिगृहातल्या दिवसांपासून तो ज्या उंबऱ्याच्या अलीकडे चहा पीत आला होता, तसलाच उंबरा तो. अक्का दारात येऊन उभी होती, हात पिठाचे. "या ना मामा, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी." तो उठला, चपला काढल्या, टोपी सावरली नाही, आणि आत गेला. चुलीजवळ पाट मांडला होता.

हिलालला पाहुण्यांसोबत ओट्यावर बसावं लागलं. दिल्लीवाल्यांना भरीत कसं खायचं ते दाखवायला कोणीतरी हवं होतं. सुकदेवनं आतूनच हाक मारली, "हिलाल, चहा सांगू का रे?"

हिलालनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला. तो मला म्हणाला, "बघितलं ना नाना, कसा माजला." त्या घरात इतकी वर्षं तो भाऊ होता. पण भाऊ गावात गल्लीला दहा असतात. मामा एकच. तिथून पुढे करंजखेड्यात सुकदेवला कोणी साहेब म्हटलं नाही, भागी म्हटलं नाही. बैसाणेमामा. एकेक करत गावं जोडली गेली आणि प्रत्येक गावात तो पोरीचा मामा झाला. पुढच्या वर्षी हिलाल शिरपूरच्या बाजूला एका नव्या गावात बियाणं घेऊन गेला, तर ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्ही बैसाणेमामाना दोस्त शेतस ना?" हे हिलालनं मला सांगितलं, आणि मी ते सुकदेवला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता तो ते स्वतःच ऐकून आल्यासारखं सांगतो. हिलालच्या कंपनीनं नंतर केंद्राशी मिळून काम करायची विनंती केली तेव्हा सुकदेवनं त्याला केंद्राच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसवलं. चहा पाठवला, चांगला पाठवला. मग आत बोलावून काम मान्य केलं. गर्गेबाई म्हणाल्या, "बैसाणे, आता तुमचं मन शांत?" तो म्हणाला, "हो."

पाटी नवी करायची असं ठरलं होतं. ती अजून तशीच आहे. छगन म्हणतो, वाचणारा जोडून वाचतो.

परवा मी सुकदेवला विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी आत चुलीपाशी बसून जेवलास तेव्हा काय वाटलं? एवढ्या वर्षांचं जळणं विझलं की नाही?"

त्याचे डोळे भरून आले. "नाना, काय सांगू! अक्कानं स्वतःच्या हातानं वाढलं. भाकरी मोडून दिली. मला वाटलं, आता आयुष्यात काही मागायचं नाही."

"मग?"

तो दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "पण अक्का ओट्यावर वाढायला गेली ना, तेव्हा मी आतून बघत होतो. हिलालच्या भरतावर तेलाची धार जास्त वेळ धरली तिनं."